नुसतं हिंडायचा हक्क



एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. तुमच्या आज्यानं कधी डोंगर बघितला होता का?

चढला असेल. शंभरदा चढला असेल. मोळी घेऊन उतरला असेल, साहेबाचा तंबू खांद्यावर घेऊन चढला असेल, मेलेलं ढोर ओढत नाल्यापर्यंत नेलं असेल. पण बघितला का? डोक्यावर ओझं नाही, मागून हाक मारणारं कुणी नाही, अशा वेळी एखाद्या दगडावर बसून समोरचं रान त्यानं डोळे भरून बघितलं का?

नाही बघितलं. कारण बघायला फुरसत लागते, आणि फुरसत ही या देशात जातीनं वाटून दिलेली इस्टेट आहे. जमिनीसारखी. मंदिरासारखी. तिचा सातबारा कधी आमच्या नावावर झाला नाही.

हे आज लिहायचं कारण असं की पाऊस पडला की आपल्या खान्देशात आता डोंगराचं याड लागतं. जळगाव-धुळ्याहून रविवारी गाड्या निघतात. कुणी पाटणादेवीला, कुणी पितळखोऱ्याला, कुणी रावेर तालुक्यातल्या पालला, कुणी लळिंगच्या किल्ल्यावर. जाणारच की. आपला मुलूख आहेच तसा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळ्याची रांग, मधे तापीचं काळं रान. आठ महिने सगळं भाजून तांबडं झालेलं. अंजनाची आणि सालईची झाडं नुसती हाडं घेऊन उभी. आणि जुलैत चार सरी पडल्या की तीच हाडं हिरवी होतात, कड्यावरून पाण्याच्या दोऱ्या लोंबायला लागतात. ज्यानं हे बघितलं नाही त्यानं खान्देश बघितला नाही, असं मी म्हणतो. मी, म्हणजे ज्याच्या बापजाद्यांना हे बघायची फुरसत नव्हती तो.

तर या गाड्यांतून उतरणारे पांढरपेशे भाऊ एक वाक्य हमखास बोलतात. "निसर्ग जात बघत नाही." वा रे वा! निसर्ग नाही बघत, कबूल. डोंगराला जात कळत नाही, धबधब्याला आडनाव कळत नाही. पण डोंगराच्या पायथ्याला गाव असतं ना? मी एकदा असाच सात-आठ जणांच्या गटाबरोबर गेलो होतो. पायथ्याच्या एका घरी पाणी मागितलं. बाई चांगली, हसतमुख. तांब्या पुढं केला आणि सहज विचारलं, "आडनाव काय म्हनलात?" बाकीच्यांनी आपापली सांगितली. मी माझं सांगितलं. तांब्या मागं गेला नाही, ते दिवस गेले. पण मला पाणी वरून ओतलं, ओंजळीत. बाकीच्यांनी तांब्याला तोंड लावलं होतं. गटातला एकही माणूस काही बोलला नाही. सगळे डोंगराचे फोटो काढत होते.

निसर्ग जात बघत नाही. निसर्ग बघायला जाणारे तेवढी बघतात.

आता जरा इतिहास उकरू. गावगाड्यात महाराचं एक काम होतं वाट दाखवायचं. सरकारी माणूस आला, साहेब आला, पाटलाचा पाहुणा आला की महारानं पुढं चालायचं, ओझं उचलायचं, पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचं. शिवेचा तंटा पडला की साक्ष महाराची, कारण कुठला दगड कुठल्या गावचा हे त्याला पाठ. कुठल्या नाल्याला उन्हाळ्यात पाणी राहतं, कुठल्या खिंडीतून माणूस जातो आणि कुठल्या खिंडीतून फक्त शेळी जाते, हे सगळं त्याच्या पायाला ठाऊक. गडकिल्ल्यांच्या पायथ्याशी मेटावर चौकी देणारे कोण? महार, रामोशी, कोळी, भिल्ल. म्हणजे या महाराष्ट्रातले सगळ्यात जुने, सगळ्यात पक्के डोंगरवाटाडे आम्ही. पण गडकिल्ल्यांवरची पुस्तकं उघडा. राजा आहे, सरदार आहे, बुरूज आहे, तटाला चिकटलेलं शेवाळंसुद्धा आहे. मेटावरचा माणूस शोधून काढावा लागतो.

माझा आजा वतनी महार. शिकारीचा कॅम्प पडला की हाक्याला बोलावणं यायचं. डबे बडवत, ओरडत रान झोडपायचं, जनावर बंदुकीपुढं आणायचं. घाटापासून पाटण्यापर्यंतचं रान त्याला घरच्या अंगणासारखं ठाऊक होतं. मी लहानपणी त्याला विचारलं, बाबा, तिथून खाली कसं दिसतं? तो म्हणाला, "रान देखाले येळ कोनले व्हता रे भो?" रान बघायला वेळ कुणाला होता! 1958 साली कायदा झाला आणि महार वतनं गेली. वेठ कागदावरून उतरली. पण रानात गेलो की काहीतरी काम पाहिजे, रिकाम्या हातानं गेलो तर चोर ठरू, ही भीती कातडीतून उतरायला तीन पिढ्या लागल्या. अजून पुरती उतरली नाही.

इथं आपल्यातलाच एखादा कार्यकर्ता उठेल आणि म्हणेल, "भाकरीचा प्रश्न सुटला नाही, नोकऱ्या नाहीत, अत्याचार थांबत नाहीत, आणि तू डोंगर बघायला सांगतोस? हे बामणी सौंदर्यशास्त्र झालं!"

थांब दोस्ता. तुला जळगाव जिल्ह्यातलीच गोष्ट सांगतो. 2018 चा जून महिना. जामनेर तालुक्यातलं वाकडी गाव. मातंग समाजाची दोन अल्पवयीन पोरं एका विहिरीत पोहली. उन्हाळा. पोरं ती पोरंच. त्यांना नागडं करून मारलं, त्याचं चित्रण केलं, ते देशभर फिरलं. आता नीट विचार कर. ती पोरं पाणी प्यायला गेली नव्हती. पोहायला गेली होती. 20 मार्च 1927 ला महाडला आपण ज्या पाण्याला हात लावला ते पिण्याचं पाणी होतं, जगण्याचं पाणी होतं. वाकडीच्या पोरांना हवं होतं मजेचं पाणी. आणि पट्टा उचलला गेला तो मजेवर. तू तहानेनं मेलास तर ही व्यवस्था चार अश्रू ढाळेल, अनुदानसुद्धा देईल. पण तू हसत पाण्यात उडी मारलीस तर तिच्या पोटात आग पडते. गरज भागवून घेणारा दलित तिला चालतो. मजा करणारा दलित चालत नाही. कारण मजा बरोबरीचा माणूस करतो.

म्हणून म्हणतो, भाकरीची लढाई आणि डोंगरावर नुसतं हिंडायची लढाई या दोन नाहीत. एकाच लढाईची ही दोन टोकं आहेत.

बाबासाहेबांचंच बघा. आणि तेही आपल्याच खान्देशातलं. 1929 साल. मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला नेमलेल्या कमिटीवर ते सभासद. चाळीसगावला उतरून ते धुळे लाईनवरच्या एका गावी सामाजिक बहिष्काराच्या चौकशीला गेले. परत चाळीसगावला आले तर स्टेशनवर महारवाड्यातली माणसं न्यायला आलेली. पण एकही टांगेवाला बसवायला तयार नाही. शेवटी तोड निघाली ती अशी की टांगा भाड्यानं देतो, हाकणारा तुमचा आणा. ज्यानं कधी टांगा हाकला नाही असा आपला एक माणूस पुढं बसला. पुलावर चाक अडकलं, घोडा टांग्यासकट खाली गेला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय, आणि त्यातून काढलेला अर्थ असा की टांगा हाकणाऱ्या माणसालासुद्धा बॅरिस्टर अस्पृश्यापेक्षा आपण वरचे आहोत असं वाटतं. दोन मैलांची वाट. ती चालायला, तिच्यावरून जायलासुद्धा जातीची परवानगी लागत होती.

त्यानंतर आठ वर्षांनी, 31 जुलै 1937 ला, बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी पुन्हा या भागात आले. धुळ्याला. आणि मुक्काम कुठं केला? लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात. लांडोर म्हणजे मोराची मादी. आजूबाजूला डोंगर, वर फारुकींच्या काळातला किल्ला, ऐन पावसाळ्याचे दिवस. फेब्रुवारीत मुंबई असेंब्लीवर निवडून आलेला हा माणूस पुढं सप्टेंबरात खोतीविरुद्ध बिल आणणार होता. डोक्यात केवढी कामं! बाबासाहेबांनी त्या मुक्कामी काय बघितलं, काय विचार केला, ते मी रंगवून सांगणार नाही. आपल्या लोकांनी भाकडकथा रचायची सवय सोडली पाहिजे. पण एवढं खरं की आमचा माणूस त्या रानात साहेबाचं ओझं घेऊन आला नव्हता. तो तिथं मुक्कामाला होता.

आणि म्हणूनच दरवर्षी 31 जुलैला माणसं लांडोर बंगल्याकडं निघतात. भीमस्मृती यात्रा. पोरंबाळं, म्हाताऱ्या, नव्या नवऱ्या, निळी निशाणं, पावसात भिजत, चिखल तुडवत. माझ्या मते खान्देशातला हा सगळ्यात मोठा ट्रेक आहे. पण याला ट्रेक कुणी म्हणत नाही. चार पोरं महागाचे बूट घालून त्याच डोंगरावर गेली की ते निसर्गप्रेमी. आमच्या बाया लुगड्याचा काष्टा घालून, कडेवर पोर घेऊन तीच चढण चढल्या की ती गर्दी! बंदोबस्ताचा विषय! अरे, बघा तरी त्या बायांकडं. वर पोचल्यावर त्या काय करतात? वंदना होते, डबे सुटतात, आणि मग त्या दगडावर बसून खालचं हिरवं रान बघत राहतात. कुणाच्या आज्यानं जे केलं नाही ते त्या करतात. हिला मी क्रांती म्हणतो. तुम्हाला हसायचं तर हसा.

आता पितळखोऱ्याकडं या. चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटरवर पाटणादेवी, आणि तिथून डोंगर चढून पलीकडं कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी. बुद्धाची लेणी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झालेली. हा सगळा भाग आज गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. 1986 साली जाहीर झालेलं, सुमारे 260 चौरस किलोमीटरचं. हिंडायला येणारे सांगतात, "काय सुंदर जागा शोधली हो त्या काळी!" कुणी शोधली? तिथले लेख वाचा. पैठणचा एक गांधिक, म्हणजे अत्तरं-सुवास विकणारा, त्यानं दान दिलंय. राजवैद्याच्या घरच्यांनी दिलंय. तिथं सापडलेला एक ठेंगणा यक्ष आज दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे. डोक्यावर भांडं पेललंय आणि गालात हसतोय. त्याच्या हातावर कोरलंय की हा कण्हदास नावाच्या सोनारानं केला. म्हणजे हातानं काम करणाऱ्या माणसानं आपलं नाव दगडात कोरलं आणि कुणी त्याचा हात धरला नाही. दोन हजार वर्षांपूर्वी!

आणि तिथं राहणारे भिक्खू? पावसाळ्याचे तीन महिने हिंडणं बंद, एका जागी वर्षावास. म्हणजे आपण 31 जुलैला लांडोर बंगल्यावर जातो ते वर्षावासाचेच दिवस असतात. थेरगाथेत महाकाश्यप थेर सांगतात की मला डोंगर आवडतात. पाऊस पडून गेलेले, मोरांच्या आवाजानं भरलेले. याच महाकाश्यपांनी कुष्ठरोग्याच्या हातची भिक्षा खाल्ली, त्याचं झडलेलं बोट पात्रात पडलं तरी किळस केली नाही. हेही तिथंच आहे. डोंगर आवडणं आणि माणसाची किळस न करणं एकाच माणसाच्या तोंडी! आणि त्याच ग्रंथात सुनीत आहे. वाळलेल्या फुलांचा कचरा उचलणारा, लोकांनी हिणवलेला सुनीत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये त्याची दीक्षा सांगितलीय. दीक्षेनंतर हा सुनीत काय करतो? एकटा रानात राहतो. कुणाचं काम करायला गेला नाही, मोळी आणायला गेला नाही. स्वतःसाठी गेला. आपला हिंडणारा पूर्वज शोधायचा असेल तर तो हा आहे. बामणी सौंदर्यशास्त्र म्हणणाऱ्या मित्रानं हे ध्यानात ठेवावं. डोंगर आवडणं आपण कुणाकडून उसनं आणलेलं नाही.

आता मात्र शब्द जरा कडू होणार, कारण आपल्याच पोरांना बोलायचं आहे.

या अभयारण्याच्या नावात तो औट्रम कोण बसलाय? जेम्स औट्रम. 1825 साली कंपनी सरकारनं भिल्लांना काबूत आणायला भिल्ल कोअर उभी केली, ती बांधणारा अधिकारी. छावणी आपल्या धरणगावला. आधी भिल्लांवर चढाई, मग भिल्लांच्याच हाती बंदूक देऊन भिल्लांवर पहारा. वर हा शिकारीचा शौकीन. दहा वर्षांत त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी खान्देशात दीडशेहून जास्त वाघ मारले. ज्यानं वाघ संपवले आणि रानातल्या माणसाला जेरबंद केलं, त्याचं नाव वन्यजीवांच्या अभयारण्याला! असा विनोद फक्त आपल्याच देशात होतो. आणि आपण तिथं जातो, पाटीखाली उभं राहून फोटो काढतो.

पुढं काय झालं? 1878 चा जंगल कायदा, 1927 चा जंगल कायदा. पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणारा भिल्ल, पावरा, तडवी एका कागदानं अतिक्रमणदार झाला. रेल्वेच्या स्लीपरांसाठी देशभर जंगलं तुटली तो विकास, आणि आदिवासी बाईनं मोळी आणली तो गुन्हा. मग 1969 साली सातपुड्यात यावल अभयारण्य झालं, 1972 ला वन्यजीव कायदा आला. झाडं वाचली पाहिजेत, याला माझा विरोध नाही. रान तुटलं तर ना मोर राहणार ना पाऊस. पण ज्याच्या दारात रान आहे त्याला बाहेर काढून रान वाचतं, हे मला कुणी पटवून द्यावं. 2006 साली वनहक्क कायदा झाला तो फुकट झाला नाही. माणसं मोर्चे काढून थकली तेव्हा झाला. तो अभयारण्यालाही लागू आहे. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कुणाला उठवता येत नाही असं त्यात लिहिलंय. तरी 13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टानं दावे नामंजूर झालेल्यांना काढायचा हुकूम दिला. देशभर ओरड झाली, तेव्हा 28 फेब्रुवारीला त्याच कोर्टानं तो थांबवला. पंधरा दिवस लाखो माणसं टांगणीला.

म्हणून माझ्या भावांनो, आपण हिंडायचा हक्क मागतोय तो कुणाच्या उरावर बसून मागायचा नाही. फाटकावरचा गार्ड गाडीतून उतरणाऱ्याला सलाम करतो आणि मोळीवालीची मोळी खाली उतरवतो. आपण आज गाडीतून उतरतोय. नोकरी लागली, हप्त्यावर गाडी आली, चांगली गोष्ट. पण सलाम घेताना तिच्याकडं बघितलं का? पावऱ्याच्या पोराला "ए, इकडं ये, वाट दाखव" असं म्हणालास की तुझ्या आज्याला हाक मारणारा साहेब तूच झालास, बाबा. एवढं कळलं तरी बास.

मग करायचं काय? मोठमोठी भाषणं मला जमत नाहीत, चार कामं सांगतो.

एक. औट्रमचं नाव त्या अभयारण्यावरून काढा, अशी मागणी खान्देशातून गेली पाहिजे. तिथल्या भिल्ल वस्त्यांना विचारून नाव ठरवा. आपण ठरवायचं नाही, त्यांनी ठरवायचं.

दोन. पितळखोऱ्याच्या वाटेवर मराठीत ठळक पाटी हवी. गांधिकाचं दान, राजवैद्याचं दान, कण्हदास सोनाराचं नाव. शाळेतल्या पोरानं वाचावं की हे देवांनी एका रात्रीत कोरलेलं नाही, माणसांनी कोरलंय.

तीन. जळगाव-धुळ्याच्या मागासवर्गीय वसतिगृहांतल्या मुला-मुलींना वर्षातून एकदा तरी डोंगरात न्या. मुलींना आधी. श्रमदानाला नको, पाठीवर खडी-वाळू देऊन नको. नुसतं हिंडायला. निबंधसुद्धा लिहून घेऊ नका. वाट दाखवायला भिल्ल-पावरा पोरं घ्या, त्यांना पूर्ण मजुरी द्या आणि आपल्याबरोबर एका पंगतीला बसवा.

चार. हे सगळ्यात अवघड. लांडोर बंगल्यावर भव्य स्मारक बांधा, असं आपल्यात कुणीतरी उठून म्हणेलच. माझा विरोध आहे. सिमेंट ओतायला ठेकेदार टपलेले असतात, आणि त्यांना बाबासाहेबांचं काही घेणं नाही. ते कुरण, ते मोर, ते अंजन हेच स्मारक. तिथं डीजे नेऊ नका. ज्या रानात बाबासाहेब रात्री झोपले ते रान कर्ण्यांनी फोडू नका. बाटल्या, पत्रावळ्या परत घेऊन या. दुसरे टाकतात म्हणून आपण टाकायचं, ही कसली बरोबरी? वंदना झाली की तासभर गप्प बसा आणि समोर बघा.

आता कुणी म्हणेल, तासभर बघून काय मिळणार? काही मिळणार नाही. तेच तर सांगतोय. जिथून काही आणायचं नाही, जिथं कुणाला काही पोचवायचं नाही, अशा ठिकाणी आपल्या पायांनी जायचं आणि आपल्या मर्जीनं परत यायचं. पाटलाच्या पाहुण्याला हा हक्क हजार वर्षं होता. त्याला कुणी कधी विचारलं नाही की तुला काय मिळालं.

येत्या 31 जुलैला पाऊस असेल. छत्री घेऊ नका, भिजा. आईला बरोबर घ्या. तिनं अजून डोंगर बघितला नसेल.

जयभीम.